आठवड्याचं इंजेक्शन सुरू करताय? आधी वार निवडा, मग ताट लावा

पहिलं इंजेक्शन घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला आणि मी जागची हलले नाही. एरवी तो आवाज फाटकापर्यंत पोचायच्या आत पिशवी हातात असायची. शाळेच्या ऑफिसात साडेनऊला हजेरीपट उघडला तेव्हा आठवलं की आज उंडे (गोल पाव) घेतलेच नाहीत. चहाबरोबर तोंडात काही टाकलंही नव्हतं. मळमळ नव्हती, पोट दुखत नव्हतं. खायची आठवणच झाली नव्हती.

डॉक्टरांनी नुकतीच सेमाग्लुटाइड (ओझेम्पिक, वेगोवी) किंवा टिर्झेपटाइड (मौंजारो) लिहून दिलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही. फोंड्यात राहणारी, चौदा महिने हे इंजेक्शन घेणारी मधुमेही बाई आहे. औषध द्यायचं की नाही, डोस कधी वाढवायचा, हे डॉक्टर ठरवतील. घरी आल्यावर ताटात काय वाढायचं, हा प्रश्न मात्र आपला. आणि आपण गोंयकार एकटेदुकटे नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. तुमच्या वाड्यावर कुणी ना कुणी हे इंजेक्शन घेत असणारच, फक्त बोलत नसेल.

भूक जाते कुठे

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ‘पोट भरत आलं, आता पुरे’ हा निरोप ते मेंदूला देतं आणि स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत विरघळून जातं. इंजेक्शनातला त्याचा भाऊबंद मात्र मुक्कामाला येतो. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाच दिवस. टिर्झेपटाइड जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं.

खाण्याच्या दृष्टीने दोन गोष्टी घडतात. मेंदूत चालणारी खाण्याची भुणभुण थांबते. फ्रिजमध्ये काय उरलंय, चार वाजता भजी आणायची का, हे विचार येईनासे होतात. दुसरं, पोट हळू रिकामं होतं. चोडण बेटाची फेरीबोट उशिरा सुटली की धक्क्यावर गाड्या साचतात ना, तसं. दुपारचं जेवण अजून धक्क्यावर उभं असतं आणि आपण रात्रीचं पाठवतो. मळमळ, करपट ढेकर, उलटी यांतली बरीचशी या गर्दीने होते.

काहींना पहिल्या महिन्यात यातलं काहीच जाणवत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुरुवातीचा डोस (सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅम, टिर्झेपटाइड २.५) मुळात शरीराला सवय लागावी म्हणून असतो. चार आठवड्यांनी तो अनुक्रमे ०.५ आणि ५ वर जातो. ‘मला लागूच पडत नाही’ म्हणून स्वतःच्या मनाने दोनदा टोचून घेऊ नका. असं करणारी एक बाई मला माहीत आहे. तिला तीन दिवस उलट्यांनी झोपवलं.

वार निवडताना पंचांगाआधी बाजार बघा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इंजेक्शनचा जोर टोचल्यानंतरच्या एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. मी सुरुवातीला शनिवार सकाळ निवडली. सुट्टी, निवांतपणा, एवढाच विचार. म्हणजे ऐन जोर आला रविवारी दुपारी, आणि आमच्याकडे रविवार म्हणजे नुस्त्याचा, म्हणजे माशांचा वार.

दुसऱ्या रविवारी सासूबाईंकडे जेवायला गेलो. इसवणाचं (सुरमईचं) हुमण, म्हणजे नारळाची आमटी, रव्यात घोळवून तळलेले तुकडे, सुंगटांचं किस्मूर, सोलकढी आणि शिताचा (भाताचा) तो नेहमीचा डोंगर. सहा-सात घास झाले आणि उचकी लागली. पाणी प्यायले. छातीच्या हाडामागे काहीतरी अडकल्यासारखं झालं. नाकातून पाणी आलं. तिखट लागलं असेल, असं समजून मी जेवत राहिले. त्यात सासूबाई, ‘आनीक इल्लें घे गो, बारीक जाल्या तूं.’ घेतलं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत भिंतीला टेकून बसले होते. कुजक्या अंड्यासारखे ढेकर येत होते. शेवटी उलटी झाली. त्यात दुपारच्या नुस्त्याचे तुकडे जसेच्या तसे. बारा तास झाले होते.

त्या उचकीने माझं जेवण संपल्याचं सांगितलं होतं. जुनं पोट जडपणाने सांगायचं, नवं पोट उचकी, एखादा खोल ढेकर, नाकातलं पाणी किंवा अचानक ‘हा घास नको’ अशा भाषेत सांगतं. प्रत्येकाची खूण वेगळी. पहिल्या दोन आठवड्यांत आपली खूण ओळखून ठेवा. ती आली की तोंडातला घास शेवटचा. ताटात कितीही उरलेलं असो.

मग मी वार बदलला. रविवारी रात्री जेवणानंतर टोचते. सोमवारी घरात शिवराक (शाकाहारी) असतंच. वरण, तोंडाक (कडधान्याची आमटी), एखादी भाजी. तेल कमी, वाटणही बेताचं. मंगळवारी आपणहून साधं. बुधवारी बाजारातून बांगडे येतात तोवर पोट बऱ्यापैकी ताळ्यावर आलेलं असतं आणि पुढच्या रविवारी दुपारी औषधाचा जोर सगळ्यात कमी असतो. ज्यांच्याकडे गुरुवार पाळतात त्यांना बुधवारची रात्र सोयीची. आधीच दुसरा वार धरला असेल तरी बदलता येतो, फक्त डॉक्टरांना विचारून. दोन डोसांमध्ये सेमाग्लुटाइडला किमान दोन दिवस आणि टिर्झेपटाइडला तीन दिवसांचं अंतर लागतं.

ताटाचा क्रम उलटा करा

आपण आधी शीत वाढून घेतो, त्यावर कढी ओततो, नुस्तें कडेला चवीपुरतं. भूक भरपूर असते तेव्हा हे चालून जातं. आता पोटात एकूण बारा-पंधरा घासांची जागा आहे. ती शिताने भरली की अंडं, मासा, उसळ सगळं ताटातच राहतं. महिनाभर असं चाललं तर वजन उतरतं खरं, पण चरबीसोबत मांसही उतरतं. जिना चढताना मांड्या थरथरू लागल्या, केस मूठभर गळू लागले, तेव्हा मला हे कळलं. या औषधावर नवख्यांना जास्त खाण्याची भीती वाटते. माझ्या मते कमी खाणं जास्त घात करतं, कारण त्यात त्रास होत नाही, उलट काट्यावरचा आकडा बघून बरं वाटतं.

म्हणून क्रम असा. आधी मासा, अंडं, पनीर किंवा उसळ. मग भाजी. शीत शेवटी, जागा उरली तर. ताट काढून ठेवा, मुलांची बशी घ्या. घास खाली गेल्याशिवाय पुढचा उचलू नका. जेवताना पाण्याचे मोठे घोट नकोत, अर्ध्या तासाने प्या.

प्रथिनांचा हिशेब मी वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम असा धरते. माझं वजन आता ६८, म्हणजे दिवसाला सुमारे ७० ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. एका अंड्यात ६ ग्रॅम, काटे काढून १०० ग्रॅम बांगड्यात २० च्या आसपास, वाटीभर मुगाच्या उसळीत ७-८, वाटीभर दह्यात ६-७. बेरीज करून बघा, रोजच्या शीत-कढीत आपण किती कमी पडतो ते ध्यानात येईल. तारली आणि बांगडे स्वस्तही आहेत आणि त्यात प्रथिनं इसवणापेक्षा कमी नाहीत. प्रतिष्ठा तेवढी कमी.

नारळाचं काय, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. सोडायचा नाही, मागे सारायचा. तेल-खोबरं पोटात सगळ्यात जास्त वेळ थांबतं. डोस वाढतो त्या आठवड्यात तर दाट हुमण म्हणजे रात्रीच्या जागरणाचं आमंत्रण. मी बांगडा तव्यावर थोड्या तेलात भाजते किंवा तिरफळं घालून सुकं करते. हुमणाचं नुस्तें उचलते, रस दोन चमचे. सोलकढीऐवजी फुटी कढी, नारळाचा रस न घातलेली. मळमळीवर तिच्यासारखं औषध नाही. रव्यातलं तळण, मिर्ची भजी आणि रात्रीचं शागोती-वडे टोचल्यानंतरचे तीन दिवस पूर्ण बंद.

पेज मात्र तारून नेते. काहीच नको वाटतं त्या दिवशी अकराच्या सुमाराला वाटीभर कोमट उकड्याची पेज पोटात राहते. पण नुसती पेज म्हणजे नुसता भात, आणि खारातली तोर (कैरी) किंवा सुकी सुंगटं तोंडी लावली की मीठ वाढतं. रक्तदाब असलेल्यांनी जपून. मी पेजेत मूठभर मूग शिजवून घालते, वर उकडलेलं अंडं. सासूबाईंना हे बघवत नाही.

आणखी एक. भूक लागण्याची वाट बघू नका, ती येणार नाही. मोबाइलमध्ये आठ, अकरा, दीड, पाच, आठ अशा वेळा लावा. वाजलं की थोडं खायचं, इच्छा असो नसो. शाळेतल्या मुलांना घंटा असते, तशी आपल्याला.

जुन्या गोळ्या तशाच चालू असतील तर

हा भाग घाईत वाचू नका. हे इंजेक्शन एकटं घेतलं तर साखर फार खाली जाण्याचा धोका कमी असतो, कारण रक्तात साखर जास्त असेल तेव्हाच ते इन्शुलिनला धक्का देतं. पण सोबत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर गोष्ट वेगळी. ती औषधं तुमच्या जुन्या भुकेच्या मापाने ठरवलेली असतात. खाणं निम्मं झालं आणि गोळी तीच राहिली, की साखर घसरते. माझी एकदा दुपारी शाळेत ६१ झाली. हात कापत होते, घाम फुटला होता, समोरच्या पावतीवरचे आकडे नाचत होते. मला वाटलं उकाडा.

सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा की जुन्या गोळीचा डोस कमी करायचा का. घरी ग्लुकोमीटर हवाच. ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अशा वेळी बिस्किटं, पाव यांच्या भरवशावर राहू नका, पोट हळू चालतंय हे विसरू नका. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा.

उराक (काजूची पहिल्या धारेची दारू) आणि फेणी यांच्या हंगामाचंही इथेच सांगते. रिकाम्या पोटी दारू साखर आणखी पाडते. या इंजेक्शनवर पोट बहुधा अर्धं रिकामंच असतं. बऱ्याच जणांची पिण्याची इच्छा आपोआप कमी होते, माझ्या दिराची झाली. ज्यांची होत नाही त्यांनी निदान आधी जेवावं.

बद्धकोष्ठ

कमी खाल्लं की कमी होणार, हे धरून चला. पण तीन दिवस काहीच नाही, असं होऊ देऊ नका. तहानही भुकेसोबत मंदावते, म्हणून पाणी घड्याळ लावून प्यावं लागतं. मी शाळेत लिटरची बाटली टेबलावर ठेवते, जेवणाच्या सुट्टीआधी ती संपवायची. तांबडी भाजी, भेंडी, पपई आणि उंड्याऐवजी कोंड्याची पोळी (पोदेराकडची, आपली गव्हाची चपाती नव्हे) यांनी माझं भागतं. नाहीच भागलं तर रात्री इसबगोल, वर भरपूर पाणी. पाण्याशिवाय इसबगोल म्हणजे पोटात घट्ट गोळा.

आग्रह करणारी माणसं

गणपतीला गावी गेलात की प्रत्येक घरात नेवऱ्या, पातोळ्या, मणगणें. ‘इंजेक्शन घेते, भूक नाही’ हे कारण चवथीला कुणी ऐकून घेत नाही. वर उपदेश मिळतो, ‘आमची आजी नव्वद वर्षं जगली, तिने कधी काय टोचलं?’ मी आता एक नेवरी घेते, अर्धी खाते, अर्धी रुमालात. उघड नाही म्हणण्यापेक्षा ‘घरी नेते’ म्हटलेलं चालतं. पोटापेक्षा हातात डबा असावा. श्रावणात ज्यांच्याकडे महिनाभर नुस्तें बंद असतं त्यांनी मात्र प्रथिनांची सोय आधीच करून ठेवावी. अळसांदे, मूग, पनीर, दही. उपासाच्या दिवशी साबुदाण्यावर राहायचं असेल तर डॉक्टरांशी बोलूनच.

नवऱ्याला किंवा घरात स्वयंपाक करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून टाका की ताटात उरलं तर तो त्यांच्या हाताचा अपमान नाही. हे न सांगितल्यामुळे आमच्याकडे पंधरा दिवस अबोला होता.

पेन, फ्रिज आणि गेलेली वीज

न उघडलेलं पेन (औषध भरलेली टोचायची नळी) २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रिजरला चिकटून नको. गोठलेलं औषध फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. उघडलेलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते प्रत्येक औषधाचं वेगळं, खोक्यातल्या कागदावर असतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, फ्रिजचं दार तेवढं बंद ठेवा. मे महिन्यात पेन गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात तर मात्र ते गेलं समजा. टोचायची जागा पोट, मांडी किंवा दंड, दर आठवड्याला थोडी बदलून. डोस चुकला तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत, टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत घेता येतं. त्यापुढे गेलं तर तो सोडून पुढच्या ठरल्या वारी. ओळखीतून, व्हॉट्सअॅपवरून ‘स्वस्तात’ मिळणारं पेन घेऊ नका. वाटेत ते किती तापलंय हे कुणालाच माहीत नसतं.

कधी थांबायचं आणि फोन करायचा

पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीत जाणारी कळ. उलट्या इतक्या की पाणीही टिकत नाही, लघवी कमी आणि गडद. डोळे पिवळे, किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं. नजर अचानक धूसर. यांतलं काही झालं तर पुढचा डोस घ्यायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. स्वादुपिंडाला सूज, पित्ताचे खडे, पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण, हे या औषधांचे माहीत असलेले धोके आहेत.

काही गोष्टी सुरुवातीलाच सांगा. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग होता का, तुम्हाला स्वादुपिंडाचा त्रास झाला होता का, डोळ्यांचा पडदा तपासून किती दिवस झाले. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइडवर तोंडाने घ्यायची गर्भनिरोधक गोळी कमी लागू पडू शकते, विचारून घ्या. कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी दाताचं असलं तरी भूल देणार असतील, तर इंजेक्शनबद्दल सांगा. पोटात अन्न राहिलेलं असू शकतं.

तिसऱ्या महिन्यानंतर

भूक थोडी परत येते, विशेषतः आठवड्याच्या शेवटच्या दिवशी. शनिवारी मला पुन्हा चार वाजता भज्यांची आठवण येते. औषध निकामी झालं असं नाही, आठवडा संपत आलाय एवढंच. तो दिवस सैल सोडायचा नाही आणि इंजेक्शन एक दिवस आधीही घ्यायचं नाही.

पहिल्या तीन महिन्यांत लावलेली सवय पुढे कामाला येते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. खर्चामुळे म्हणा, त्रासामुळे म्हणा, मध्येच थांबवायची वेळ आली तर गुपचूप बंद करू नका. साखरेच्या गोळ्या पुन्हा बसवाव्या लागतात. आणि पायऱ्या चढा, भिंतीला हात लावून उठाबशा काढा, तांदळाची पाच किलोची पिशवी उचला. मांस टिकवायला नुसती प्रथिनं पुरत नाहीत.

वही

दर चार आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाताना ‘बरं आहे’ एवढंच सांगून परत येऊ नका. एक साधी वही ठेवा, दिवसाला एक ओळ. माझ्या वहीतला पाचवा आठवडा, डोस वाढल्यानंतरचा, असा आहे:

रवि. रात्री टोचलं, पोट, डावीकडे.
सोम. सकाळी मळमळ, पेज-मूग राहिले. साखर १०४. रात्री ताक, एक अंडं.
मंगळ. ढेकर. वरण-शीत अर्धी बशी. शौचाला झाली नाही.
बुध. भाजलेले बांगडे दोन, तांबडी भाजी. बरं. साखर ११२.
गुरु. जेवण विसरले! पाचला साखर ७६. दही, केळं.
शुक्र. पोट साफ. उसळ-पोळी.
शनि. भूक. भजी दोन, मग उचकी, थांबले.

गुरुवारच्या त्या ओळीवर डॉक्टरांनी बोट ठेवलं आणि माझी ग्लिमेपिराइडची गोळी निम्मी केली.